अकरा नंबरच्या बारा चादरी

आधीच सांगते, यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर जरा नीट रचलं असतं. अमावस्या, वारा, कुत्र्याचं रडणं वगैरे घातलं असतं. माझ्या गोष्टीत त्यातलं काहीच नाही.

ही गोष्ट भर दुपारची आहे. गेल्या वर्षीची.

वेळ ठरलेली असायची... चार वाजता.

मी एका वृद्धनिवासात कपडे धुते. दारावर 'लाँड्री विभाग' अशी ऐटदार पाटी आहे. आत मी, दोन मशीन आणि एक इस्त्री, एवढाच विभाग. अडतीस आजी-आजोबांच्या चादरी, गाउन, टॉवेल, सगळं माझ्या हाताखालून जातं. कपड्यांना तोंड नसतं, पण ते सगळं सांगतात. कोण जेवत नाही, कोण उशीत रडतं, कुणाला किती वेळ ओल्यात ठेवलं. आम्हा धुणाऱ्या बायकांना सगळं कळत असतं. आम्हाला कुणी विचारत नाही, एवढंच.

प्रत्येक कपड्यावर खोलीचा नंबर लागतो. तो मी लाल दोऱ्यानं टाचते. हे टाचणं मला मावशीनं शिकवलं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. जन्मभर शिवणकाम केलं. लग्न नाही केलं. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "मापं घेतली बऱ्याच जणांची. एकही अंगाला बसला नाही."

दोन वर्षांपूर्वी ती पडली. खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, नवरा फिरतीवर, मी दिवसभर कामावर. मग तिला आमच्याच निवासात आणलं.

"मी आहे ना खाली," मी म्हटलं होतं. "तू फक्त हाक मार."

तिला अकरा नंबरची खोली मिळाली. माझ्या लाँड्रीच्या बरोब्बर वर. बेलची दोरी भिंतीशी होती, तिचा हात तिथवर पोचायचा नाही. दोरी लांब करून द्या म्हणून मी तीनदा सांगितलं. तीनदा "लवकरच" असं उत्तर मिळालं.

मावशीनं तिचा मार्ग काढला. शिवताना बोटात घालतात ती लोखंडी टोपी, अंगुस्तान, ती तिच्या बोटातून कधी निघायचीच नाही. खाटेवरसुद्धा नाही. ती टोपी खाटेच्या गजावर आपटायची.

आधी एकदा. मग लागोपाठ दोनदा.

टक... टक टक.

लोखंडातून, भिंतीतून तो आवाज थेट माझ्या डोक्यावर उतरायचा. मी मशीन बंद करून वर पळायचे. आणि हाक नसली तरी चार वाजता जायचेच. चादर बदलायची, पाठ पुसायची, वेणी घालायची. तिच्या चादरींच्या घडीत मी साबणाच्या वडीचा कागद ठेवायचे. तिला तो वास आवडायचा. नवी चादर नाकाला लावून म्हणायची, "हं. आता माणसात आल्यासारखं वाटतं."

एकदा निवासाची पाहणी करायला एक मुलगी आली होती. हातात फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. मी तेव्हा वेणी घालत होते. तिनं मावशीला विचारलं, "आजी, इथं तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं काय? स्वच्छता, जेवण, सुरक्षितता की करमणूक?"

मावशी म्हणाली, "जो येतो म्हणाला, त्यानं यावं."

मुलगी फॉर्म उलटापालटा करायला लागली. "असा पर्याय नाहीये आजी."

"मग चौकोन काढ एक नवा. पेन आहे ना हातात?"

मुलगी हसली. आम्हीही हसलो. तिनं 'स्वच्छता' वर खूण केली. मी पाहिलं.

आमच्याकडे नातेवाईक निघताना एकच वाक्य बोलतात. "उद्या येतो हं." असं म्हटलं की म्हातारं माणूस हात सोडतं. आम्ही त्यांना 'उद्यावाले' म्हणायचो. मावशी म्हणायची, "या सगळ्यांचे उद्या खरे असते, तर दारात चेंगराचेंगरी झाली असती."

मी मोठ्यानं हसायचे.

आणि मग माझ्या लेकीचं बाळंतपण आलं. दुसऱ्या गावी. बारा दिवस तरी जायला हवं होतं.

वरच्या मजल्यावर दुपारच्या पाळीला एकच सेविका असते. एकोणीस खाटा, एक बाई. तिला आम्ही शिडी म्हणतो, कारण माळ्यावरचं काहीही ती नुसता हात उंचावून काढते. दहा वर्षांची मैत्रीण माझी. तिच्या आजारपणात मी तिच्या घरचं सगळं केलंय, माझ्यात तिनं. डबासुद्धा आम्ही एकमेकींचा खायचो.

"अगं, लेकीचं पहिलं बाळंतपण," शिडी म्हणाली. "तू नाही तर काय शेजारीण जाणार? जा बिनधास्त." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी आहे ना."

मी बारा चादरी धुऊन, इस्त्री करून, कागद घालून लाँड्रीच्या कपाटात वेगळ्या ठेवल्या. दिवसाला एक. बाराही चादरींवर लाल अकरा. तेरावी त्या दिवशी खाटेवर घातली. तिच्या वेळी लाल दोरा संपला होता, म्हणून तिच्यावर निळा अकरा.

हा निळा दोरा लक्षात ठेवा.

निघताना मावशीनं माझं मनगट धरलं. "उद्या?"

बारा दिवस म्हटलं असतं तर तिनं तोंड फिरवलं असतं. गाडीची वेळ झाली होती.

"हो गं," मी म्हटलं. "उद्या येते. चार वाजता."

तिनं हात सोडला.

लेकीकडून मी रोज संध्याकाळी फोन करायचे. शिडी रोज सांगायची, "मजेत आहेत मावशी. आत्ताच चादर बदलली. तुझं बाळ कसंय ते सांग आधी." मी बाळाचं सांगत बसायचे.

बाराव्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसले आणि फोन वाजला.

"मावशी गेल्या गं. झोपेतच. अगदी शांत."

मी पोचले तेव्हा तिला गळ्यापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं होतं. चेहरा बघितला. पाठ बघायला हवी होती. नाही बघितली. बोटातली टोपी कुठाय, असं मात्र विचारलं. कुणालाच सापडली नव्हती.

चौथ्या दिवशी कामावर आले आणि लाँड्रीचं कपाट उघडलं...

बाराही चादरी तिथंच होत्या.

माझ्याच घड्या. माझीच इस्त्री. एकेक कागद जागच्या जागी. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

न धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात तळाशी एक गाठोडं होतं. सोडलं. त्यात एकच चादर होती. मधोमध कडक झालेली, पिवळी, तपकिरी, आणि एके ठिकाणी... पाठीच्या जागी... ते मी लिहीत नाही.

कोपऱ्यात निळा अकरा.

मी तशीच वर गेले. खाटेच्या पायथ्याशी तक्ता अजून लटकत होता. चादर बदलली, कूस बदलली, पाणी दिलं. बारा दिवस, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा. एकाच पेनानं, एकाच दमात मारलेल्या. शाळेत पोरं पाढे उतरवतात तशा.

शिडी व्हरांड्यात औषधं वाटत होती. मी तक्ता तिच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"तक्ता आहे."

"बारा चादरी कपाटात आहेत शिडे. बाराच्या बारा."

तिनं औषधांचा ट्रे खाली ठेवला. "एकोणीस जण आहेत गं माझ्याकडे. दोन हात आहेत."

"मग मला फोनवर सांगायचंस!"

"काय सांगायचं होतं? ओल्या बाळंतिणीला सोडून तू पळत आली असतीस? आणि त्या मला हात लावू देत नव्हत्या. खरं सांगते. चादर ओढली की गज घट्ट धरायच्या. म्हणायच्या, 'राहू दे. ती उद्या येणारे. ती बदलेल.'"

मी तक्ता खाली घेतला.

"रोज तेच," शिडी म्हणाली. "रोज म्हणायच्या उद्या येणारे. मी तरी किती दिवस झटापट करू?"

ती खरं बोलत होती की स्वतःला वाचवत होती, ते मला त्या दिवशी कळलं नाही. आजही कळत नाही. पण तिनं बरोब्बर माझा शब्द काढून माझ्याच हातात दिला. परक्या बाईला हे जमलं नसतं. दहा वर्षं एका डब्यात जेवलेलीलाच जमतं.

मी निवास चालवणाऱ्या मोठ्या मॅडमकडे गेले. त्यांनी तक्ता नीट वाचला.

"सगळं भरलेलं आहे की," त्या म्हणाल्या. "तुमची तक्रार नेमकी काय? कपाटात चादरी स्वच्छ आहेत, ही?"

त्यांच्या मागे भिंतीवर नवीन फ्रेम होती. पाहणीचा निकाल. स्वच्छतेसाठी उत्तम शेरा.

त्या आठवड्यात अकरा नंबरची गादी काढून टाकली. भिंतींना रंग दिला. दाराला कुलूप लागलं.

इथपर्यंतचं कुठंही घडू शकतं. घडतंही. आता पुढचं.

सोमवार होता. चार वाजता लिफ्टमधून मळक्या कपड्यांची ढकलगाडी खाली आली. मी एकेक काढून नंबर बघत होते. सात, चौदा, नऊ, सोळा...

अकरा.

लाल अकरा.

चादर मधोमध ओली होती. आणि कोमट. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

कपाट उघडलं. चादरी मोजल्या. अकराच होत्या.

मला राग आला, भीती नाही. वाटलं, शिडीनं आता कुणासाठी तरी वापरली. वर जाऊन विचारलं. ती म्हणाली, "त्या चादरींना मी या जन्मी हात लावणार नाही. शपथ घालतेस का?"

मंगळवारी मी कपाटाला कुलूप घातलं. किल्ली ब्लाउजमध्ये.

चार वाजता ढकलगाडी आली...

लाल अकरा. ओली. कोमट.

कुलूप जसंच्या तसं. आत दहा.

बुधवारी मी कपाटासमोर स्टूल टाकून बसले. तीनपासून. पापणी लवू दिली नाही. मशीनसुद्धा बंद ठेवलं. काहीही झालं नाही. चारला गाडी आली, वरचे चार टॉवेल उचलले आणि खाली तीच होती. कपाट उघडलं. आत नऊ. आणि चादरीच्या रिकाम्या जागी...

साबणाचा कागद. चार घड्या घालून ठेवलेला.

मावशी कापडाचं चिठोरंही टाकायची नाही. सगळं चार घड्या घालून ठेवायची.

त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. तरी मी ती चादर धुतली. दुसरं काय करणार? धुणं हेच माझं काम. वाळत घातली. संध्याकाळी दोरीवर नव्हती.

गुरुवारी आठ उरल्या. शुक्रवारी सात.

शनिवारी मशीनचं पाणी भरत होतं. ते थांबलं. मध्ये एक शांतता असते, पाणी थांबून ड्रम फिरायला लागेपर्यंत. त्या शांततेत...

टक.

मी श्वास धरला.

टक टक.

बरोब्बर डोक्यावर.

मी जिन्यानं पळाले. व्हरांड्यात शिडी उभी होती. अकराचं दार तिच्या मागेच. बाहेरून कुलूप.

"ऐकलंस?"

"काय?"

"आत. गजावर."

तिनं माझ्याकडे अशा दयेनं बघितलं, की तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "काही नाही गं. तू चार दिवस रजा घे."

रजा. गेल्या रजेत काय झालं ते मला ठाऊक होतं.

नंतर रोज टकटक व्हायची. रोज चादर यायची. शिडीला काही ऐकू येत नव्हतं, आणि गाडीत ती चादर कोण टाकतं तेही माहीत नव्हतं. रात्री घरी पडल्या पडल्या मी हिशेब लावला आणि उठून बसले.

दिवसाला एक.

तिच्या वाटणीच्या चादरी ती घेत होती. तक्त्यावर ज्यांच्या खुणा होत्या त्या.

बाराव्या दिवशी कपाटात एकच उरली. ती मी जाऊ दिली नाही. दुपारी साडेतीनला ती छातीशी धरून मोठ्या मॅडमकडे गेले, आणि अकरामध्ये माझं काहीतरी राहिलंय म्हणून किल्ली मागितली. त्यांनी मान वर न करता दिली.

खोलीत ताज्या रंगाचा वास होता. खिडकी बंद. लोखंडी खाट उघडी, नुसता पत्रा. कोपऱ्यात रंगाचा रिकामा डबा. बस.

मी पत्र्यावर चादर अंथरली. चारी कोपरे खोचले. कागद उशाला ठेवला. मग खाटेशी बसले.

चार वाजले.

काही नाही.

"मावशी, आले गं," मी म्हटलं. "उशीर झाला. मी खोटं बोलले. तू हात सोडावास म्हणून बोलले."

काही नाही.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत चादरीला मधोमध... हळूहळू... खोलगा पडला.

पत्र्यावरच्या चादरीला खोलगा पडत नाही. खाली दबायला गादीच नसते.

मी पळाले नाही. शौर्य वगैरे काही नाही, पायच उचलेनात. थोड्या वेळानं हात पुढे केला आणि सवयीनं चादरीची सुरकुती सारखी केली. कोमट होती.

रंगाचा वास गेला होता. खोलीभर साबणाचा वास येत होता.

बराच वेळ बसले. रडले. मग वाटलं, संपलं. बारावी पोचली. सुटली बिचारी. मीही सुटले.

उठले. दारापाशी आले. कडीला हात लावला. आणि वर्षानुवर्षं त्या व्हरांड्यात ऐकलेलं वाक्य माझ्या जिभेवरून आपोआप घसरलं.

"येते हं. उद्या येते."

माझ्या पाठीमागे...

टक.

टक टक.

तेव्हापासून मी रोज जाते. आज अकरा महिने झाले. रविवारीसुद्धा. ताप असला तरी. त्या खोलीत आता एक आजोबा असतात, बसचालक होते. गादी आली, पडदे आले, बेलची दोरीही लांब झाली. मी चार वाजता चादर घेऊन गेले, की आजोबा आधीच खुर्चीत सरकून बसलेले असतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, खाटेवरून का उठता? म्हणाले, "राखीव जागेवर मी कधी बसलो नाही बाई." पुढं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

शिडीशी मी बोलते. कामापुरतं. डबा वेगवेगळा.

आता हे सगळं आजच का लिहायला घेतलं ते सांगते.

उद्या नातवाचा पहिला वाढदिवस आहे. लेक म्हणाली, "आई, या वेळी आली नाहीस तर मी पुन्हा बोलावणार नाही." खरंच बोलावणार नाही, माझ्यावरच गेलीय. पहाटेची गाडी आहे. परवा सकाळी परत.

म्हणजे उद्या चार वाजता मी तिथं नसेन.

आज चादर बदलताना मावशीला खरं सांगायचं असं ठरवून गेले होते. तोंड उघडलं. आजोबा खुर्चीतून बघत होते. खोलगा होता तिथंच होता.

नाही सांगता आलं. काहीच न बोलता बाहेर आले.

व्हरांड्यात शिडी तक्ते भरत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. दुसरं होतं कोण विचारायला? दुपारी त्या मजल्यावर एकच बाई असते.

"उद्या एक दिवस," मी म्हटलं. "अकराला. चार म्हणजे चार. चादर मी काढून ठेवलीय. येशील का घालायला?"

तिनं मान वर केली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच खांद्यावर.

"जा बिनधास्त," ती म्हणाली. "मी आहे ना."

आणि अकराच्या बंद दारामागून...

टक.

शिडीचं पेन थांबलं.

टक टक.

ती पांढरीफटक पडली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं.

या वेळी तिनं ऐकलं होतं.

आणि तिच्या हाताखालच्या अकराच्या तक्त्यावर, उद्याच्या चौकोनात, बरोबरची खूण आधीच मारलेली होती.